चित्र पाहावे कसे?



आपल्या जव्हार-मोखाड्याच्या मुलखात वारली लग्नघरी भिंतीवर चौक लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो लिहितात; मध्ये पालघट देवी असते. धवलेरी गीते गाते आणि लग्न लागते.

मी या भागात नवा असता एका घरी चौक पाहून "नक्षी सुरेख आहे" असे बोलून गेलो. घरची आजी म्हणाली, "फादर, नक्षी नाही, देवी बसलीय." मी खजील झालो.

पुढे हीच कला कागदावर उतरली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. प्रदर्शनात रेषांची लय पाहणे खोटे नव्हे. परंतु धवलेरीचे गाणे तेथे ऐकू येत नाही.

आपल्या घरचीही गोष्ट ऐका. गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी पवित्र मरियेस साडी नेसविली, तेव्हा आपल्यातीलच कित्येकांनी नाके मुरडली. युरोपातील चित्रकारांनीही तिला आपापल्या देशाचाच पोशाख दिला होता, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

म्हणून मत देण्यापूर्वी विचारावे : हे कोणी, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी लिहिले? चौकातील देवीची उपासना आपण करीत नाही. तथापि शेजाऱ्याच्या श्रद्धेस नुसती नक्षी म्हणणे हा शेजारधर्म नव्हे. पाहण्यातील ही नम्रता प्रभू आपणांस देवो.