पुसू नका, जपून ठेवा

वकील म्हटलं की काळा कोट आणि कोर्टातला युक्तिवाद आठवतो. माझी अमेरिकेतली वकिली मात्र संगणकासमोर, दुसऱ्यांच्या ई-मेल वाचण्यात गेली.

तिथं दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंना संबंधित कागदपत्रं सुनावणीआधीच एकमेकांना दाखवावी लागतात. याला ‘डिस्कव्हरी’ म्हणतात. २००६ साली तिथल्या केंद्रीय न्यायालयांच्या नियमांत संगणकातल्या नोंदींचाही स्पष्ट उल्लेख आला. सरकारी चौकशीतही कंपन्यांना अशाच नोंदी शोधून द्याव्या लागतात.

आमचं पहिलं काम मात्र जपणुकीचं. चौकशीची चाहूल लागली की कंपनीत लेखी सूचना जाते : या विषयाचं काहीही पुसू नका. जुन्या ई-मेल आपोआप पुसणारी यंत्रणाही थांबवायची. मग प्रती घ्यायच्या, दुबार प्रती वगळायच्या, वकील आणि अशील यांच्यातला गोपनीय पत्रव्यवहार वेगळा काढायचा.

एकदा एका हिशेबनिसानं मला विचारलं, “मुलीच्या आजारपणाच्या मेल आहेत त्यात. तेवढ्या पुसू का?” मी नको म्हटलं. त्या बाहेर जाणार नाहीत हे पाहणं माझं काम होतं. पुसाल, तर संशय तुमच्यावर येईल, असं त्याला समजावलं. परक्याचं घर झाडताना नजर कुठं ठेवायची, हे या व्यवसायात शिकावंच लागतं.

दाभोळमुळे आपल्याला माहीत झालेली एन्रॉन आठवते ना? तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या पेढीत २००१ साली, चौकशी तोंडावर असताना, ढीगभर कागद आणि ई-मेल नष्ट झाल्या. २००२ मध्ये पेढी दोषी ठरली. ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ती शिक्षा रद्द केली. पण जगभर सुमारे ८५ हजार माणसं असलेली ती पेढी तोवर मोडून पडली होती. निर्दोष कारकुनांच्याही नोकऱ्या गेल्या.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला का, हा वाद कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं. मात्र मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही, याची शिक्षा पक्षकाराला नको, हेही मान्य केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ही लिहावा लागतो. हा जणू फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

तेव्हा सोसायटीचा वाद असो की पगाराचा, मूळ फोन आणि मूळ संदेश जपून ठेवा. नुसत्या छापील प्रतीवर विसंबू नका. आणि भीतीपोटी काही पुसण्याआधी वकिलाला विचारा.