पोटातली वारी
(शताब्दी मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या दिंडीले शंभर वर्षं झाली. समोर विणेकरी बसले आहेत, टाळकरी बसले आहेत, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माय-बहिणी बसल्या आहेत. मंडळी म्हणाली, बुवा, दिंडीवर बोला. मी म्हणालो, दिंडीवर सगळेच बोलतीन, मी पोटावर बोलतो. लोक हासले. पण मले सांगा, नागपूर जिल्ह्यातून पंढरी गाठायची तर पाय कोणाच्या भरवशावर चालतात? पोटाच्याच ना बाप्पा!

मी चौथी शिकलेला शेतकरी. हे सगळं आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंजवळ बसून समजून घेतलं. काहून घेतलं, ते पुढं सांगतो.

घास तोंडात गेला की पोटातली वारी सुरू होते. भाकरीचा तुकडा खूप वेळ चावून पाहा, गोड लागते. लाळ तोंडातच पिठाची साखर करायला लागते. ज्यानं चावलं नाही, त्यानं पहिला मुक्काम चुकवला. अन् गळ्यात माळ घालून गालात खर्रा धरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ज्या दारातून अन्न आत जाते ते दार खर्ऱ्यानं बंद पडते. तोंड उघडेनासं झालेली तरणी पोरं आपण पाहूनच राहिलो.

घास खाली जातो तो आपल्या वजनानं नाही. अन्ननळी मागून आवळते, पुढून सैल होते. दिंडीत मागचा रेटा आला की पुढचा चालते, तसं. मग जठर. तिथं आंबट रसात अन्न दोन ते चार तास घुसळलं जाते. पुढं लहान आतडं, वीस फूट लांब. तिथं यकृताचं पित्त अन् स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. त्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखी बारीक लव असते. झाडाच्या केसाएवढ्या मुळ्या जसा मातीतला रस ओढतात, तशी ती लव अन्नाचा रस रक्तात ओढते. शेवटी मोठं आतडं, पाच फूट. ते उरलेलं पाणी ओढून घेते.

आता पाण्याचा हिशेब ऐका. आपण पितो दोन लिटर. पण लाळ, जठराचा रस, पित्त धरून रोज आठ-नऊ लिटर पाणी आतड्यात उतरते. वाटीभर सोडून बाकी सगळं शरीर परत घेते. हगवण लागली म्हणजे हे परत घेणंच बिघडते. विहिरीचं पाणी उपसत राहावं अन् झरा बंद व्हावा, तशी गत होते.

मले हे ठाऊक नव्हतं. एका वारीत आमच्यातल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याले ढाळ लागले. तो पाणी मागे. मी म्हणालो, "पाणी नका देऊ, पाण्यानं वाढते." माझा शब्द लोक ऐकतात, त्यांनी ऐकला. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, जीभ सुकली, लघवी थांबली. दवाखान्यात सलाईनवर चार दिवस राहिला. वाचला, पण पंढरी त्याले दिसली नाही. पुढच्या वर्षी त्याच्यानं चालणं झालं नाही. ती त्याची शेवटची वारी, अन् ती माझ्या अडाणी शब्दानं अर्धी राहिली. तो मले कधी बोलला नाही. म्हणून मीच सांगून राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हगवणीतही आतड्याचं एक दार उघडं राहते. साखर आत जाताना मिठाचा हात धरून नेते, अन् त्या दोघांच्या मागं पाणी जाते. नुसतं पाणी तेवढं जिरत नाही. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. बनगावला डॉक्टर दिलीप महालनबीस होते. सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ, साखर अन् सोड्याचं पाणी पाजायला लावलं. शंभरात तीस माणसं जात होती, ती चारच्याही आत आली. आपल्या बापजाद्यांनी वारीत पटकी पाहिली आहे, त्यांना याचं मोल कळलं असतं.

पाकीट मिळालं तर पाकीट घ्या. नसलं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव घेऊन पाहा, आसवांपेक्षा खारट नको. प्रत्येक जुलाबामागं पेलाभर पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं द्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेका. रक्त पडलं, लघवी थांबली, माणूस गुंगीत गेला, तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा.

माय-बहिणींना वेगळं सांगतो. वाटेत आडोसा नाही म्हणून तुम्ही पाणीच पीत नाही, वेग दाबता. मग मोठं आतडं उरलंसुरलं पाणी ओढते अन् मळ दगड होते. हा तुमचा दोष नाही, सोय न करणाऱ्या आम्हा पुरुषांचा आहे. आता वाटेवर फिरती शौचालयं उभी राहतात. मुक्काम ठरवताना आधी ते पाहायचं, मग मंडप.

एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपलंच वर्णन. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, त्यात चोथा नाही. वरून तेल अन् शेंगदाणे. उपासाला फळ घ्या. नागपूरचं संत्रं रस काढून पिऊ नका, फोडी सालीसकट खा. एरवी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. आपल्या घरातलंच हे, आतड्याले यापेक्षा बरं काय लागते? पंगतीत कोणी आग्रह केला तर हात जोडून अर्धंच घ्या. अन् जेवणाआधी, शौचाहून आल्यावर, साबणानं हात धुवा. तीर्थ म्हणून कुठलंही पाणी ओंजळीनं पिऊ नका. उकळा, नाहीतर क्लोरीनचं औषध टाका.

यंदापासून आपल्या दिंडीच्या गाडीत टाळ-मृदंगाशेजारी एक डबा राहील. त्यात साखर, मीठ, चमचा अन् लिटरचं माप. तो डबा मी सांभाळीन. कोणी पाणी मागितलं, तर नाही म्हणणार नाही.

रामकृष्ण हरी.