सहशिक्षण आणि गावची शाळा



मुलामुलींनी एकत्र शिकावे की वेगवेगळे, हा प्रश्न पालकसभेत निघाला की वाद बहुधा वळणाचा आणि लोकापवादाचा होतो. मुलगी शाळेपर्यंत पोहोचते कशी, हे क्वचितच कोणी विचारतो.

महाराष्ट्रात स्वतंत्र कन्याशाळा निघाल्या त्या गरजेपोटी. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने शिकणे हेच अनेकांना अरिष्ट वाटत होते. १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली. १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. मुलांच्या शाळेत मुलीला कदापि न धाडणाऱ्या घरांची दारे या संस्थांमुळे उघडली. हे ऋण मोठे आहे. तथापि शाळा वेगळी झाली की अभ्यासक्रमही वेगळा होण्याचा धोका असतो. मुलांना गणित आणि मुलींना शिवणकाम. हंसा मेहता समितीने १९६४ च्या अहवालात अशा भेदाविरुद्ध कौल दिला. प्राथमिक शिक्षण एकत्र असावे, पुढे मात्र निवडीची मोकळीक असावी, असे तिचे मत होते.

आता लहान गावाचा विचार करावा. जिल्हा परिषदेची एक शाळा, दोन शिक्षक. तिची वाटणी केली तर दोन्ही भाग निकामी होतील. पुढील वर्गांसाठी कन्याशाळा तालुक्याच्या गावी. परतीची एस.टी. चुकली की घरी येईतो दिवेलागण होते आणि असे दोनदा घडले की मुलीची शाळा सुटते. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास हाती असतो. पण शाळेच्या वेळेला गाडीही हवी, आणि तिच्यासाठी ग्रामपंचायतीला ठराव करून पाठपुरावा करता येतो. जेथे अंतर खरोखरच फार आहे, तेथे २००४ पासूनची कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये उपयोगी पडतात, ती मुख्यतः निवासी आहेत म्हणून.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. काही ठिकाणी ती बांधली गेली, परंतु दाराला कुलूप, नाहीतर आत पाणी नाही. वयात आलेली मुलगी दरमहा चार दिवस गैरहजर राहते, त्याला शेजारच्या बाकावरील मुलगा कारण नसतो. नाव काढताना पालक मात्र सहशिक्षणाचे कारण पुढे करतात. ते सांगण्यास सोपे पडते.

याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात. हा वाद पुन्हा निघेल तेव्हा स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे असते, एवढे त्या भगिनींना आधी विचारावे.