एकखांबी फलक आणि वारा

महामार्गालगत एकाच खांबावर उभा असलेला उंच फलक पाहणाऱ्यास त्याच्या वजनाची भीती वाटते. वस्तुतः खांबाचा खरा शत्रू वारा होय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. भारतीय मानकाने चेन्नईसाठी धरलेला मूलभूत वेग सेकंदाला ५० मीटर आहे. या वेगाने १० मीटर लांब व ४ मीटर उंच फलकावर निदान ६ टनांचा रेटा येतो. फलकाचा मध्य २० मीटर उंचीवर असेल, तर खांबाच्या बुडाशी त्यास वाकविणारे परिबल, म्हणजे रेटा गुणिले उंची, १२० टन-मीटर होते.

खांब कितीही भक्कम असला, तरी हे परिबल अखेर पायाला व भोवतालच्या मातीला पेलावे लागते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळात १२० फूट लांब व तितकाच उंच फलक कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तो फलक अनेक खांबांवर उभा होता. तथापि त्याचा पाया अपुरा असल्याचे तपासणीत आढळले. एकखांबी फलकाला तर दुसऱ्या खांबाचा आधारही नसतो. म्हणून त्याच्या संकल्पनात जमिनीखाली दडलेल्या भागाचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा.