नकाशा मंजूर

(कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



एकोप्याविषयी चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले. मी पडलो भाषेचा मास्तर, तेव्हा शब्दांविषयीच बोलतो.

जीर्णोद्धार समितीच्या वहीत पहिल्या सभेचा ठराव आहे : 'सभामंडपाचा नकाशा सर्वानुमते मंजूर.' अक्षर माझे. त्या एका ओळीत मी खोटे लिहिले, हे मला फार उशिरा उमगले.

'मंजूर' शब्द मूळ अरबी; फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरात आला. 'नजर' आणि 'मंजूर' एकाच धातूचे. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेले, पाहिलेले. आता आमचा नकाशा पाहिला कोणी? वरच्या आळीतल्या सात-आठ जणांनी. खालच्या आळीला तो दाखवलाच नव्हता. त्यात पिंपळाचा पार काढून टाकायचा होता, आणि त्याच पारावर पालखी पिढ्यान्‌पिढ्या विसावते.

पाया खणायला गडी आले त्या सकाळी खालची आळी पारावर येऊन बसली. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसती बसली. काम थांबले ते दोन पावसाळे. समितीवरच्या त्यांच्या दोघांनी राजीनामे दिले.

हा 'राजीनामा' मोठा गमतीचा. राजी म्हणजे संतुष्ट, नामा म्हणजे लेख. राजीखुशीने लिहून दिलेला कागद तो राजीनामा. हिंदीत वादी-प्रतिवादींची तडजोड होते त्या कागदाला राजीनामाच म्हणतात. आपल्या मुलखात जमीन सोडणारा राजीनामा लिहून देई आणि घेणारा कबुलायत. त्यावरूनच आपल्याकडे तो सोडून जाण्याचा कागद झाला असावा. आमच्या दोघांचे कागद मात्र राजीचे नव्हते, नाराजीचे होते.

'समिती' हा शब्द संस्कृत. सम् म्हणजे एकत्र, इ म्हणजे जाणे. ऋग्वेदाच्या अगदी शेवटच्या सूक्तात, दहाव्या मंडलातल्या १९१ व्या, तो आला आहे, आणि ते सूक्त माणसांची मने जुळावीत यासाठीच आहे. आम्ही समिती म्हणवीत होतो, पण एकत्र कुठे गेलो नव्हतो. अखेर गेलो. खालच्या आळीत एका ओसरीवर नकाशा पसरला. एका आजीबाईंनी विचारले, "मास्तर, पालखी टेकवायची कुठं?" कोणाजवळच उत्तर नव्हते.

मंडप एका खणाने आखूड केला. पार जिथल्या तिथे राहिला. ज्यांच्या नावाचा खांब त्यात गेला, त्या देणगीदारांनी रक्कम परत मागितली नाही, हे मुद्दाम सांगतो.

याला करार म्हणावे काय? करार म्हणजे मुळात स्थिर होणे, चैन पडणे. 'बेकरार' सिनेमाच्या गाण्यांतून सर्वांना ठाऊक आहेच. तसे असेल तर करार झाला, कागद मात्र केला नाही. ते दोघेही समितीत परत आले; कलशाची दोरी आज त्यांच्याच हाती होती.

वहीतली जुनी ओळ मी खोडलेली नाही. पुढच्या पानावर नवा ठराव आहे : 'नकाशा दोन्ही आळ्यांत दाखवून मंजूर.' खाली ४२ सह्या आणि १९ अंगठे. वही कोषाध्यक्षांजवळ आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी प्रसाद घेऊन झाल्यावर अवश्य पाहावी.