अभ्यासक्रमाचा टंच वर्गातच कळतो

(हुपरी येथे परिसरातील मुख्याध्यापकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



चांदीचा टंच, म्हणजे तिच्यातील शुद्धतेचे प्रमाण, नुसत्या चकाकीवरून ठरत नाही, हे हुपरीकरांना सांगावयास नको. अभ्यासक्रमाचेही तसेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर झाले. त्यास अनुसरून महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षी पहिलीच्या वर्गापासून नवा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढील इयत्तांसाठी तो टप्प्याटप्प्याने आखलेला आहे. कागदावर त्याची चकाकी आहेच. टंच कळेल तो वर्गात.

या बाबतीत पूर्वानुभव विसरून चालणार नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाला शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे याच कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. पुढे कार्यानुभव वेळापत्रकात आला खरा. पण अनेक शाळांत तो घोटीव कागदाची फुले आणि श्रेणीचा रकाना एवढाच उरला. हेतू थोर होता. तो शाळेत उभा करणारे हात कमी पडले.

तेच पुन्हा होऊ द्यावयाचे का, हा आज आपल्यापुढील प्रश्न आहे. नव्या धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १० दिवस दप्तराविना शिक्षण सुचविले आहे. त्या काळात मुलांनी स्थानिक कारागिरांकडून शिकावे, अशी अपेक्षा आहे. हुपरीइतके अनुकूल गाव यासाठी कोठे मिळणार? येथे तार ओढली जाते, कड्या जोडल्या जातात, पैंजणाला घुंगरू बसतात. ७० टंचाच्या एक किलो चांदीत शुद्ध चांदी ७०० ग्रॅम, हा शेकडेवारीचा हिशेब घरी रोज कानावर पडणारे मूल वर्गात मात्र गणितात कच्चे ठरत असेल, तर उणीव मुलात नाही; घर आणि शाळा यांच्यामधील वाट बंद आहे. ती मुख्याध्यापकांनीच उघडावयाची आहे.

मात्र एक पथ्य पाळावे. मुलाला भट्टीपुढे वा आम्लाच्या भांड्यापाशी बसविणे म्हणजे शिक्षण नव्हे. कारागिराच्या मुलाने कारागीरच व्हावे, असाही याचा अर्थ नव्हे. डॉक्टरांच्या मुलीने कारागिरासमोर शिष्य म्हणून बसावे आणि कारागिराच्या मुलीला डॉक्टर होण्याची वाट मोकळी असावी, तेव्हाच श्रमाला प्रतिष्ठा लाभली असे म्हणता येईल.

माझी आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे. आठवड्यातून एक तास पहिलीच्या वर्गात मागे जाऊन बसा. शिक्षकाचे दोष काढण्यासाठी नव्हे, मूल कोठे अडते ते पाहण्यासाठी. दर शनिवारी अर्धा तास शिक्षकांना एकत्र बसू द्या. त्या वेळी परिपत्रके वाचू नका, मुलांच्या वह्या समोर ठेवा. आणि दप्तराविना दिवसांची आखणी जूनमध्येच पालक व कारागीर यांच्यासमवेत करा. अन्यथा ते दिवस सहलीत संपतील.

अहवाल भरावे लागतील, छायाचित्रेही धाडावी लागतील. ते अवश्य करावे. पण अहवाल पूर्ण आणि मूल अपूर्ण, असे होऊ नये.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि बहुजनांच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले. त्या दाराच्या आत आलेले प्रत्येक मूल खरोखर शिकेल, हे पाहणे आपल्याकडे राहिलेले ऋण आहे. ते आपण फेडू या.