आत्या आणि आलिकांतेच्या होळ्या

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



‘परदेशातील अनुभव’ या विषयावर बोला, असा निरोप आला. प्रवासवर्णन नको, म्हणून माझी एक चूक सांगतो.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे स्पेनमध्ये आलिकांते या गावी होतो. भूमध्य समुद्राकाठचे शहर, मागे बेनाकांतिलचा डोंगर, त्यावर किल्ला. २०१९ च्या जूनमध्ये माझी सांगलीची आत्या आमच्याकडे आली. वय ७२, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. शाळेची माझी चार वर्षे तिच्याच घरी गेली, त्यामुळे तिचे करायची हौस मोठी. पोलीस कार्यालयातून अधिकृत निमंत्रणपत्र काढले, व्हिसासाठी ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा उतरवला. कागद सगळे चोख.

ती आली आणि दहा दिवसांत गावाचा उत्सव सुरू झाला, ‘होगेरास दे सान हुआन’. चौकाचौकांत लाकूड, पुठ्ठा आणि थर्माकोलच्या अवाढव्य प्रतिकृती उभ्या राहतात, पुढाऱ्यांची टिंगल करणारे पुतळे असतात आणि २४ जूनच्या रात्री हे सगळे जाळून टाकतात. रोज दुपारी दोनला लुसेरोस चौकात ‘मास्क्लेता’ होते. म्हणजे केवळ आवाजासाठी लावलेले फटाके! छातीत धडधडते.

मी घाबरलो. खिडक्या बंद केल्या, मराठी मालिकांची सोय केली आणि आत्याला सांगितले, “पाच दिवस बाहेर पडायचे नाही. आवाज सोसायचा नाही तुला.” ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मात्र म्हणाली, “अरे, तुझी काळजी कळते मला. पण गावात जत्रा आणि मी खिडकीआड, हे कोणी ठरवलं? मला विचारलंस का?”

खरेच, विचारले नव्हते. सरकारी निमंत्रण दिले, उत्सवाचे द्यायचे राहिले.

त्या दिवसापासून सगळे तिला विचारून केले. तिच्या डॉक्टरांना सांगलीला फोन लावला. त्यांनी गर्दी, ऊन आणि जागरण बेताने घ्यायला सांगितले. मास्क्लेता आम्ही तीन गल्ल्या दूर, सावलीत उभे राहून ऐकली. दुपारी सगळे गावच झोपते, तशी आत्याही झोपली. संध्याकाळी शेजारच्या आजीबाई घडीची खुर्ची घेऊन खाली निघाल्या होत्या. त्यांनी खुणेनेच आत्याला बोलावले. भाषा एक नाही, तरी दोघी दोन तास बसल्या. तिथे या दिवसांत ट्यूना मासा भरलेली ‘कोका’ आणि ताजी अंजिरे खातात. आत्याने कोका हात जोडून नाकारली, अंजिरे मात्र मनसोक्त खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू खाली गेले.

तिला सर्वांत आवडले ते एका पुतळ्याचे प्रकरण. दरवर्षी लोक मते देऊन एक पुतळा आगीतून वाचवतात, तो संग्रहालयात ठेवतात. आत्या म्हणाली, “बाकीचे जाणार हे ठाऊक असूनही इतकं मन लावून करतात. आपल्या मूर्तीसारखंच की रे.”

२४ तारखेला रात्री बारा वाजता किल्ल्यावरून आतषबाजी झाली. आधी नगरपालिकेसमोरची होळी पेटली, मग अग्निशमनाचे जवान पोचतील तसतशा बाकीच्या. तरुण पोरे जवानांना ‘पाणी, पाणी’ म्हणून चिडवतात, तेही त्यांच्यावर फवारा सोडतात. आमच्या चौकातली पेटली तेव्हा वर्षभर खपलेल्या मुली रडत होत्या. आत्या लांब खुर्चीत, शाल घेऊन. तिचेही डोळे भरले. म्हणाली, “विसर्जनच हे. हे गेल्यापासून रात्री बाराला घराबाहेर आजच बसले.”

काका जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. तिला जपण्याच्या नादात हीच रात्र मी तिच्याकडून काढून घेणार होतो.

जाता जाता एक गोष्ट. सान हुआनच्या होळ्या तिथे जुन्याच, पण त्यांना आजचे रूप १९२८ मध्ये मिळाले. त्यासाठी पुढाकार घेणारे होसे मारिया पी हे मूळचे कादिसचे, म्हणजे बाहेरून येऊन स्थायिक झालेले. आपणही या शहरात बाहेरूनच आलो आणि इथे गणपती बसवला. आता आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गावाकडून दोन-तीन महिन्यांसाठी येतात. मुले कामावर, भाषा येत नाही, मग दिवसभर ते खिडकीआड.

म्हणून कार्यकारिणीला विनंती. ज्येष्ठांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, ध्वनिक्षेपकाच्या तोंडाशी मांडू नका. बाजूला, स्वच्छतागृहाजवळ, कधीही उठता येईल अशा ठेवा. त्यांना नुसते बसवू नका, निवडायला दूर्वा द्या, मोदकाला हात लावू द्या. आणि मुख्य म्हणजे, त्यांना विचारा.

आत्या आता सांगलीतच असते. जून आला की फोनवर विचारते, “पेटली का रे तुमची होळी?”

गणपती बाप्पा मोरया!